लुई ब्रेल : अंधांचा अक्षरदाता

अंध मुलास शाळेंत बसूं देणें ही दया होय. त्यास स्वतः वाचतां-लिहितां येईल असें करणें हें शिक्षण होय. हा भेद ज्या पुरुषाच्या आयुष्यांत स्पष्ट दिसतो, त्या लुई ब्रेल यांचें अल्प चरित्र आम्ही आमच्या विद्यार्थिमित्रांपुढें ठेवीत आहों.

पॅरिसच्या पूर्वेस कूव्रे नांवाचें खेडें आहे. तेथें ४ जानेवारी १८०९ रोजीं घोड्यांचे साज करणाऱ्या एका कारागिराच्या घरीं लुईचा जन्म झाला. तो ३ वर्षांचा असतांना बापाच्या दुकानांत खेळत होता. तेव्हां चामडें टोंचण्याचें हत्यार त्याच्या डोळ्यांत शिरलें. जखम चिघळली, विकार दुसऱ्या डोळ्यासही जडला, आणि ५ वर्षांच्या सुमारास त्याची दृष्टि पूर्णपणें गेली.

त्या काळीं गरीब अंधाच्या नशिबीं बहुधा भिक्षाच येई. परंतु गांवच्या धर्मगुरूंनीं लुईस आपल्याजवळ बसवून शिकविलें, आणि गांवच्या शाळामास्तरांनीं डोळस मुलांच्याच वर्गांत त्यास जागा दिली. कानांवर पडेल तें तो ध्यानांत ठेवी, आणि बुद्धीनें कोणास हार जात नसे. मात्र इतर मुलें पुस्तकें उघडीत, तेव्हां त्यास नुसतें बसून राहावें लागे.

सन १८१९ मध्यें त्यास पॅरिस येथील अंध मुलांच्या शाळेंत पाठविण्यांत आलें. व्हॅलेंतँ आयुई या सद्‌गृहस्थांनीं स्थापिलेल्या त्या शाळेंत नेहमींचींच अक्षरें कागदावर उठावदार छापलेलीं पुस्तकें होतीं. तीं थोडीं, मोठीं व जड. एकेक अक्षर चांचपण्यांत वेळ जाई, आणि त्या रीतीनें मुलांस स्वतः लिहितां येणें कठीण. ती योजना डोळसांनीं आपल्या डोळ्यांवरून केलेली होती. बोटांस काय सोयीचें पडेल, हें कोणी पाहिलें नव्हतें.

सन १८२१ मध्यें शार्ल बार्बिए नांवाच्या माजी लष्करी अधिकाऱ्याची उठावदार टिंबांची लिपि त्या शाळेंत आली. तिच्या एका चिन्हांत १२ पर्यंत टिंबें असत, म्हणून तें एका बोटाखालीं मावत नसे. शिवाय ती ध्वनींची लिपि असल्यानें शब्दांचें शुद्धलेखन तींत साधत नसे. लुईनें तीच कल्पना घेऊन टिंबें कमी केलीं. वयाच्या १५ व्या वर्षीं, सन १८२४ मध्यें, त्याची ६ टिंबांची लिपि सिद्ध झाली. या ६ टिंबांच्या ६३ रचना होतात. तेवढ्यांत अक्षरें, अंक, विरामचिन्हें, संगीतसुद्धां बसतें. टोंकदार हत्यारानें त्याचे डोळे नेले होते. आतां तशाच टोंकदार लेखणीनें तो लिहूं लागला. सन १८२९ मध्यें ही पद्धति पुस्तकरूपानें प्रसिद्ध झाली.

पुढें ब्रेल त्याच संस्थेंत शिक्षक झाले, आणि चर्चमध्यें ऑर्गनही वाजवीत. परंतु डोळस शिक्षकांस ही लिपि रुचली नाहीं. आम्हांस वाचतां न येणारी लिपि अंधांस दिल्यास तीं मुलें समाजापासून दूर पडतील, अशी त्यांची समजूत होती. हेतु वाईट नव्हता. पण सर्वांस एकच अक्षर म्हणजे समता, हा तर्क खोटा होता. सन १८४० नंतर नव्या मुख्याध्यापकांनीं ही लिपि वर्गांतून काढून टाकिली. मुलें मात्र ती चोरून लिहीत राहिलीं. शेवटीं सन १८४४ मध्यें शाळेच्या नव्या इमारतीच्या उद्‌घाटनप्रसंगीं तिचें जाहीर प्रात्यक्षिक झालें, आणि विरोध मावळला.

क्षयानें जर्जर झालेले ब्रेल ६ जानेवारी १८५२ रोजीं निवर्तले. दोनच वर्षांनीं फ्रान्सनें त्यांची लिपि अधिकृतपणें स्वीकारली. सन १९५२ मध्यें त्यांच्या अस्थि पॅरिसच्या पँथिऑनमध्यें नेण्यांत आल्या. त्यांचे हात मात्र कूव्रे येथेंच राहिले.

आमच्या मुंबईंत सन १९०० मध्यें अमेरिकन मिशनच्या मिस ॲना मिलर्ड यांनीं अंधांसाठीं शाळा काढिली. सन १९५१ मध्यें भारती ब्रेल मान्य झाली, आणि मराठी वर्णमालाही त्याच ६ टिंबांत उतरली.

सन २०१६ च्या कायद्यानें अंध, बधिर, मतिमंद, स्वमग्न अशा मुलांस इतरांबरोबर शिकण्याचा हक्क दिला आहे. परंतु बांकावर जागा दिल्यानें आमचें कर्तव्य संपत नाहीं. शेजारचें मूल कोणत्या वाटेनें शिकतें, हें त्याच्याकडूनच जाणून घेणें, आणि ती वाट आमच्या वाटेहून वेगळी असली तरी मोकळी ठेवणें, हेंच ब्रेल यांचें खरें स्मरण होय.