आधी खोली की आधी मेस कार्ड?

थर्ड इयरच्या मिनी प्रोजेक्टला आमच्या ग्रुपने होस्टेलचा डेटाबेस घेतला होता. नियम दोनच. मेस कार्ड नंबर असल्याशिवाय खोली नाही, आणि खोली नंबर असल्याशिवाय मेस कार्ड नाही. वेगवेगळे बघितले तर दोन्ही नियम एकदम शहाणे. एकत्र टाकले आणि पहिली एन्ट्रीच जाईना! रात्री दोनपर्यंत एरर बघत बसलो. तोवर एडगर कॉड हे नाव मी फक्त नॉर्मल फॉर्मसाठी पाठ केलं होतं. त्या रात्रीनंतर हा माणूस कोण, ते वाचलं.

कॉड यांचा जन्म १९२३ चा, इंग्लंडमधल्या पोर्टलंड बेटावरचा. सात भावंडांत शेंडेफळ. ऑक्सफर्डला गणित आणि रसायनशास्त्र शिकले, दुसऱ्या महायुद्धात रॉयल एअर फोर्समध्ये पायलट होते. १९४८ ला अमेरिकेत येऊन आयबीएममध्ये लागले. १९५३ मध्ये सिनेटर मॅकार्थींच्या कम्युनिस्ट शोधमोहिमेचा राग येऊन सरळ कॅनडाला निघून गेले, काही वर्षांनी परतले. पीएच.डी. केली १९६५ ला, चाळिशी उलटल्यावर. (आणि आपण एका केटीने खचतो!)

तेव्हा डेटा झाडाच्या फांद्यांसारखा साठवत. कुठली माहिती कुठल्या फांदीवर आहे, हे प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला माहीत असावं लागे. कॉडनी १९७० च्या पेपरमध्ये मांडलं, की सगळं साध्या टेबलांत ठेवा, वाट शोधायचं काम मशीनचं. हे सगळ्यांना माहीत असतं. पण त्याच पेपरच्या शेवटी सुसंगतीवर एक छोटा भाग आहे, तो मला जास्त आवडला. डेटा नियमाशी जुळत नसेल तर लगेच हाकलायलाच हवा असं नाही. विसंगतीची नोंद करा, थोडा वेळ द्या, तरी सुधारली नाही तर जबाबदार माणसाला कळवा. आपल्या ऑफिसमधले काका हेच करतात. खोली नंबर आधी पेन्सिलने, कार्ड आलं की शाईने.

१९९२ च्या एसक्यूएल स्टँडर्डमध्येही तपासणी ट्रान्झॅक्शनच्या शेवटपर्यंत पुढे ढकलायची सोय आली. आमचा प्रोजेक्ट त्यानेच सुटला. अर्थात, दोन नियम एकमेकांना खोटंच पाडत असतील तर कितीही थांबून उपयोग नाही, एक नियम काढावाच लागतो.

कॉड स्वतः अशाच कात्रीत होते. पगार आयबीएमचा, आणि आयबीएमचा चांगला चाललेला आयएमएस हा झाडवालाच! कंपनीने वर्षानुवर्षं चालढकल केली. १९७९ मध्ये ओरॅकलने टेबलवाला डेटाबेस बाजारात आणला, आयबीएमचा त्यानंतर आला. कॉड मात्र गप्प बसले नाहीत. १९७४ मध्ये दुसऱ्या बाजूच्या चार्ल्स बाकमन यांच्याशी त्यांनी जाहीर वाद घातला. १९८१ ला ट्युरिंग पुरस्कार मिळाला. एसक्यूएल एकसारख्या दोन ओळी चालवून घेते, हे त्यांना कधीच पटलं नाही.

१९८५ मध्ये त्यांनी आपले प्रसिद्ध बारा नियम लिहिले. मोजले तर तेरा भरतात, कारण सुरुवात शून्यापासून! त्यातला दहावा सांगतो, की अटी प्रोग्रॅममध्ये लपवू नका, डेटाबेसमध्येच लिहा. आम्ही अर्ध्या अटी फॉर्मच्या कोडमध्ये टाकल्या होत्या. व्हायव्हाला नेमकं तेच विचारलं.

कॉड १८ एप्रिल २००३ ला फ्लोरिडात वारले, ७९ व्या वर्षी.