चढणीवरचा संयम : सायकलपटू जिनो बार्ताली



सायकल आपल्यापैकी बहुतेकांनी चालवली आहे. सपाट रस्त्यावर मन इकडेतिकडे भटकले तरी चालते. चढ लागला की मात्र मनाला जागेवर यावेच लागते. पुढचा जोरात गेला म्हणून आपणही जोर केला, तर अर्ध्या चढावर दम संपतो आणि खाली उतरून सायकल ढकलत न्यावी लागते. ज्यांचे सारे आयुष्य अशा चढणींवर घडले, त्या एका श्रद्धावंत खेळाडूची आज ओळख करून घेऊ या. त्यांचे नाव जिनो बार्ताली.

इटलीतील फ्लॉरेन्स शहराजवळ पोन्ते आ एमा नावाचे गाव आहे. तेथे १८ जुलै १९१४ रोजी एका मजुराच्या घरी जिनोचा जन्म झाला. घरची परिस्थिती बेताचीच. शाळा लवकर सुटली आणि वयाच्या तेराव्या वर्षी जिनो गावातल्या सायकलच्या दुकानात कामाला लागला. पंक्चर काढता काढता आणि चाकांचे आरे ताणता ताणता तो आसपासच्या टेकड्यांवर सायकल चालवू लागला. शर्यतींतले धोके वडिलांना माहीत होते, त्यामुळे सुरुवातीला ते राजी नव्हते. पुढे त्यांनी परवानगी दिली. जिनो लहानपणापासून ‘कॅथलिक ॲक्शन’चा सभासद होता. प्रार्थना आणि मिस्सा यांत त्याचा खंड पडत नसे.

१९३६ साली, अवघ्या एकवीस वर्षांच्या जिनो यांनी इटलीची सर्वांत मोठी शर्यत ‘जिरो दिताल्या’ जिंकली. देशभर नाव झाले. आणि त्या विजयानंतर थोड्याच दिवसांत त्यांचा धाकटा भाऊ जुलिओ एका शर्यतीत अपघात होऊन मरण पावला. जुलिओही सायकलपटूच होता. जिनो इतके खचले की शर्यती कायमच्या सोडण्याचा विचार त्यांच्या मनात घोळू लागला. त्या दुःखातून त्यांना श्रद्धेने सावरले. कार्मेल संघाच्या, प्रापंचिकांसाठी असलेल्या तिसऱ्या शाखेत त्यांनी प्रवेश घेतला. पुढे वर्तमानपत्रांनी त्यांना ‘धार्मिक जिनो’ असे नाव दिले. काहींनी ते कौतुकाने दिले, काहींनी थट्टेने.

१९३७ साली त्यांनी पुन्हा इटलीची शर्यत जिंकली. त्याच वर्षी ते ‘टूर द फ्रान्स’ला गेले. आघाडीवरच्या स्पर्धकाला मिळणारी पिवळी जर्सी अंगावर असताना ते सायकलसह ओढ्यात पडले आणि पुढे शर्यत सोडावी लागली. १९३८ साली ते पुन्हा गेले. आल्प्स पर्वतातील आलोस, वार आणि इझोआर या तीन खिंडी एकाच दिवसात ओलांडून ते ब्रियाँसों गावी पहिले पोहोचले आणि पिवळी जर्सी मिळवली. ती शर्यत त्यांनीच जिंकली. या तीन खिंडींची नावे लक्षात ठेवा, त्या पुन्हा येणार आहेत.

या चढणी केवढ्या? आपल्या महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई १६४६ मीटर आहे. इझोआरची खिंड सुमारे २३६० मीटर उंचीवर आहे. तेथे हवा विरळ, दम लवकर लागतो. चढणीचा धोका हा की, ती सुरू होते तेव्हा पाय ताजे असतात आणि मनाला वाटते, आपण आणखी जोरात जाऊ शकू. शरीराला झेपेल त्याहून जास्त जोर सुरुवातीलाच लावला, तर पुढे त्याचे कर्ज फेडावे लागते. आणि चढणीवर ते फेडायला सपाट जागा मिळत नाही. म्हणून जाणते सायकलपटू शिखराकडे सारखे पाहत नाहीत. पुढचे वळण, आपला श्वास आणि पॅडलची लय, एवढ्यावरच ते मन ठेवतात. वळण आले की त्याच्या पुढचे वळण.

बार्ताली यांची पद्धत इतरांहून वेगळी होती. बहुतेक सायकलपटू तीव्र चढावर सीटवरून उठतात. बार्ताली पंधरा-पंधरा किलोमीटरची चढण बसूनच चढत. कोणी जोर करून पुढे निघाला, तरी ते उठत नसत. बसल्या जागीच जड गिअर टाकत आणि आपली लय न मोडता त्याला गाठत. मधूनच एक-दोन सेकंद ते पॅडल मारणे थांबवत, उजवा पाय खाली ठेवून त्यावर भार देत आणि पुन्हा सुरू करत.

शिवाय त्या काळचे गिअर आजच्यासारखे बोटाने बदलणारे नव्हते. बार्ताली यांनी १९४८ साली वापरलेल्या सायकलला मागच्या चाकाजवळ दोन खटके होते. चालत्या सायकलवर हात मागे न्यायचा, चाक सैल करायचे, पॅडल उलटे फिरवून चेन दुसऱ्या दात्यांवर घ्यायची आणि चाक पुन्हा आवळायचे. दमलेल्या माणसाने चढावर हे करायचे, म्हणजे चित्त किती स्थिर हवे!

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना संत थॉमस अक्वायनस यांचा एक विचार मनात रुजला होता. ते म्हणतात की धैर्याचे मुख्य काम हल्ला करणे हे नसून संकटात टिकून राहणे हे आहे. बार्ताली यांच्याविषयी वाचताना त्या विचाराचा अर्थ नव्याने कळतो.

मग दुसरे महायुद्ध आले. मोठ्या शर्यती थांबल्या. खेळाडूची ऐन उमेदीची वर्षे युद्धात गेली. १९४० साली बार्ताली यांचा विवाह आद्रियाना यांच्याशी झाला. लग्नविधी फ्लॉरेन्सचे कार्डिनल एलिया दाल्ला कोस्ता यांनी केला. १९४३ च्या सप्टेंबरमध्ये जर्मन फौजांनी इटली व्यापली आणि यहुदी लोकांची धरपकड सुरू झाली. छळापासून त्यांना वाचवण्यासाठी कार्डिनलसाहेबांनी धर्मगुरू, मठ आणि यहुदी कार्यकर्ते यांच्या साहाय्याने गुप्त काम उभे केले होते. बार्ताली त्यात सामील झाले. सराव करण्याच्या निमित्ताने ते सायकलवरून दूरदूर जात आणि सायकलच्या नळ्यांत खोटी ओळखपत्रे व त्यांसाठीचे फोटो लपवून नेत. ही ओळखपत्रे म्हणजे कोणाचा तरी जीव होता. वाटेत सैनिकांनी अडवले की ते सायकलला हात लावू देत नसत. तिचा प्रत्येक भाग शर्यतीसाठी नेमका बसवलेला आहे, असे सांगत, ही आठवण त्यांच्या घरचे लोक सांगत आले आहेत. या फेऱ्या किती झाल्या आणि कुठून कुठे झाल्या, यावर इतिहासकारांत मतभेद आहेत. मात्र गोल्डनबर्ग नावाच्या यहुदी कुटुंबाला त्यांनी फ्लॉरेन्समध्ये आसरा दिला, ही साक्ष त्या कुटुंबातील मुलाने पुढे स्वतः दिली. पकडले गेले असते, तर स्वतःच्या बायकामुलांवरही संकट आले असते.

युद्ध संपले तेव्हा बार्ताली तिशी ओलांडून गेले होते. त्यांच्याच संघातून पुढे आलेला तरुण फाउस्तो कोप्पी आता त्यांचा प्रतिस्पर्धी होता. १९४६ ची इटलीची शर्यत बार्ताली यांनी कोप्पीवर केवळ ४७ सेकंदांनी मात करून जिंकली. पुढच्या वर्षी कोप्पी जिंकला. बार्ताली आता म्हातारे झाले, असे लोक म्हणू लागले.

१९४८ साली ते दहा वर्षांनी पुन्हा टूर द फ्रान्स जिंकण्यासाठी उतरले. लूर्द येथे संपणारा टप्पा त्यांनी जिंकला. तरीही १४ जुलैला कान येथे विश्रांतीचा दिवस आला, तेव्हा ते आघाडीवरच्या तरुण लुईझाँ बोबे याच्या २१ मिनिटे मागे होते. एवढे अंतर भरून निघणे अशक्यच, असे सर्वांना वाटले. त्याच दिवशी रोममध्ये कम्युनिस्ट नेते तोल्याती यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. इटलीत संप, दंगली आणि यादवी युद्धाची भीती पसरली. पंतप्रधान दे गास्पेरी यांनी बार्ताली यांना फोन करून जिंकण्याची विनंती केली, असे सांगतात.

दुसऱ्या दिवशी थंडी होती, पाऊस होता, रस्त्यावर चिखल होता. समोर त्याच तीन खिंडी होत्या : आलोस, वार, इझोआर. सुरुवातीला फ्रान्सचा रोबिक पुढे निघाला. बार्ताली यांनी आपली लय सोडली नाही. रोबिकला त्यांनी मागे टाकले आणि दहा वर्षांपूर्वीप्रमाणेच ब्रियाँसोंला ते पहिले पोहोचले. २१ मिनिटांचे अंतर एका दिवसात एका मिनिटावर आले. दुसऱ्या दिवशीही ते जिंकले आणि पिवळी जर्सी त्यांच्याकडे आली. सलग तिसरा टप्पाही त्यांनीच जिंकला, तोही आपल्या चौतिसाव्या वाढदिवशी. शेवटी त्यांनी शर्यत २६ मिनिटांहून अधिक अंतराने जिंकली. टूरच्या दोन विजयांमध्ये दहा वर्षांचे अंतर असलेला दुसरा खेळाडू नाही.

बार्ताली यांच्या विजयामुळे यादवी टळली, असे पुष्कळदा सांगितले जाते. एवढे श्रेय एका सायकलपटूला देणे बरोबर नाही. जखमी तोल्याती यांनी स्वतःच आपल्या लोकांना शांत राहण्यास सांगितले होते. पण त्या भीतीच्या दिवसांत भांडणाऱ्या लोकांना एकत्र आनंद करण्याचे कारण मिळाले, हे खरे.

१९५४ साली बार्ताली निवृत्त झाले. ५ मे २००० रोजी त्यांचे निधन झाले. युद्धकाळातल्या कामाविषयी ते जाहीरपणे बोलत नसत. चांगले काम करावे आणि गप्प राहावे, अशी त्यांची भूमिका होती. त्यांच्या मृत्यूनंतर, २०१३ साली, जेरुसलेमच्या याद वाशेम या संस्थेने यहुदी लोकांना वाचवणाऱ्यांच्या सन्माननीय यादीत त्यांचे नाव घातले. ज्यांनी त्यांना फक्त शर्यतीत पाहिले होते, त्यांना त्यांच्या सर्वांत कठीण चढणीची माहिती तेव्हा झाली.

बंधुभगिनींनो, आपल्या धर्मग्रामात अशा चढणी चढणारे पुष्कळ आहेत. कोणी अंथरुणाला खिळलेल्या आईची वर्षानुवर्षे सेवा करत आहे. कोणी कर्ज फेडत आहे. कोणी व्यसनी मुलाची वाट पाहत रात्री जागत आहे. पहिल्या महिन्यात आपण सगळा जोर लावतो आणि सहाव्या महिन्यात खचतो. मग आपली श्रद्धाच कमी पडली, असे वाटू लागते. बहुधा श्रद्धा कमी पडलेली नसते. आपण दुसऱ्याच्या वेगाने चढू पाहत असतो, किंवा सारखे शिखराकडे पाहून घाबरत असतो. आजच्या दिवसापुरती भाकर मागायला प्रभूने आपल्याला शिकवले आहे. आजच्यापुरते वळण पार करू या. क्षणभर थांबावे लागले तर थांबू या, शेजाऱ्याची मदत मागू या आणि पुन्हा पॅडल मारू या.

जे आज चढणीवर आहेत, त्यांची या रविवारच्या मिस्सामध्ये आपण सर्वांनी मिळून आठवण करू या.

आपला,
धर्मगुरू