आधी रीडिंग, मग रिझल्ट

निवडणुका आल्या की आमच्या मेसमध्ये भाजीपेक्षा वादच जास्त शिजतात. त्यात एक मुद्दा ठरलेला. कोणाचाही पक्ष हरला की त्यामागे परकीय हात असतो! हात कोणाचा, पैसे किती आले, कोणामार्फत आले, असं विचारलं की समोरचा गुपचूप आमटी वाढून घेतो. मीही त्यातलाच. पण मध्यंतरी जॅक अँडरसन या अमेरिकन पत्रकाराबद्दल वाचलं आणि तेव्हापासून हे वाक्य माझ्या तोंडात जरा अडखळतं. कारण या माणसाने परकीय हात खरोखर कागदावर पकडून दाखवला होता. आणि तो हात त्याच्या स्वतःच्याच देशाचा होता!

अँडरसनचा जन्म १९ ऑक्टोबर १९२२ चा, कॅलिफोर्नियातल्या लाँग बीच गावचा. पण तो वाढला युटा राज्यात, सॉल्ट लेक सिटीच्या परिसरात. घर कट्टर मॉर्मन पंथाचं. दारू नाही, सिगारेट नाही, चहा-कॉफीसुद्धा नाही. बाराव्या वर्षी हा पोरगा स्थानिक दैनिकाच्या बालवीरांच्या पानावर लिहायला लागला. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी त्याने चीनमधून बातम्या पाठवल्या. १९४७ साली वॉशिंग्टनला येऊन तो ड्र्यू पीअर्सन या गाजलेल्या स्तंभलेखकाकडे कामाला लागला. मग तब्बल बावीस वर्षं मेहनत ह्याची आणि नाव मुख्यतः पीअर्सनचं! १९६९ मध्ये पीअर्सन गेला आणि ‘वॉशिंग्टन मेरी-गो-राउंड’ हा स्तंभ अँडरसनकडे आला. पुढे तो जवळजवळ हजार वृत्तपत्रांत छापला जाई.

त्याची पद्धत साधी होती. मंत्र्यांच्या मेजवान्यांत त्याला रस नव्हता. फायली ज्यांच्या हातून जातात त्या मधल्या आणि खालच्या पायरीवरच्या माणसांशी तो ओळख ठेवी. आणि त्यांचा शब्द पुरेसा न मानता शक्यतो कागदच मागून घेई.

आपला त्याच्याशी संबंध आला तो १९७१ च्या युद्धात. अमेरिकन सरकार जाहीरपणे म्हणत होतं की भारत-पाकिस्तान भांडणात आम्ही कोणाच्याच बाजूचे नाही. अँडरसनने व्हाइट हाउसमधल्या गुप्त बैठकांची इतिवृत्तंच मिळवली. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांचा कल पाकिस्तानकडे आहे आणि किसिंजर अधिकाऱ्यांना तसंच वागायला सांगत आहेत, हे त्यांत स्पष्ट होतं. या लेखनाबद्दल त्याला १९७२ चं पुलित्झर पारितोषिक मिळालं. कागद कोणी दिले, हे मात्र त्याने सांगितलं नाही.

आता चिलीची गोष्ट. टेलिकॉमच्या मित्रांनी हा भाग नीट वाचावा, कारण यातला खलनायक एक टेलिफोन कंपनी आहे. आयटीटी ही प्रचंड अमेरिकन कंपनी. चिलीच्या टेलिफोन कंपनीत तिची सत्तर टक्के मालकी होती. ४ सप्टेंबर १९७० ला चिलीत राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक झाली आणि समाजवादी साल्वादोर आयेंदे सुमारे ३६ टक्के मतं घेऊन पहिले आले. निम्म्याहून जास्त मतं कोणालाच नव्हती. अशा वेळी पहिल्या दोघांतून एकाची निवड तिथली संसद करी आणि त्यासाठी २४ ऑक्टोबर ही तारीख होती. आयेंदे आले तर टेलिफोन सरकारच्या ताब्यात जाणार, ही कंपनीची भीती. म्हणजे खेळायला हातात सात आठवडे होते.

या सात आठवड्यांत काय काय चाललं होतं, ते दीड वर्ष बाहेर कोणालाच ठाऊक नव्हतं. मार्च १९७२ मध्ये अँडरसन आयटीटीच्याच दुसऱ्या एका भानगडीच्या मागे होता. कंपनीने घाबरून वॉशिंग्टनच्या ऑफिसातली कागदपत्रं श्रेडरमध्ये घातली. पण काही वाचली, आणि ती नेमकी ह्याच्या हाती लागली! २१ मार्च १९७२ पासून त्याने ती छापायला सुरुवात केली. कंपनीचे अधिकारी आणि सीआयए यांच्यात बोलणी झाली होती. बँकांनी कर्जं अडवायची, माल आणि सुटे भाग उशिरा पाठवायचे, चिलीची अर्थव्यवस्था गडगडवायची आणि घाबरलेल्या खासदारांकडून आयेंदे यांना पाडायचं, अशी ती योजना. लाखो डॉलर द्यायची कंपनीची तयारी होती. प्रत्यक्षात हा डाव बसला नाही. संसदेने आयेंदे यांनाच निवडलं.

अँडरसनने हे कागद स्वतःपुरते ठेवले नाहीत, इतर पत्रकारांनाही दिले. चिली सरकारने त्यांचं स्पॅनिशमध्ये पुस्तक काढलं. १९७३ मध्ये अमेरिकन सिनेटच्या उपसमितीने कंपनीच्या बड्या लोकांना शपथेवर बोलावलं. सीआयएचे माजी प्रमुख जॉन मॅकोन तेव्हा आयटीटीच्या संचालक मंडळावर होते. कंपनीने दहा लाख डॉलर देऊ केल्याचं त्यांनी तिथे मान्य केलं. १९७५ मध्ये सिनेटच्या चर्च समितीने आणखी खोल खणलं. तेव्हा कळलं की त्याआधीच्या १९६४ च्या निवडणुकीत आयेंदे यांच्या विरोधातल्या उमेदवाराचा निम्म्याहून जास्त खर्च, सुमारे २६ लाख डॉलर, सीआयएने केला होता.

याची किंमत अँडरसनला द्यावी लागली. १९७२ च्या सुरुवातीला सीआयएने त्याच्यावर पाळत ठेवली होती. वास्तविक देशातल्या नागरिकांवर हेरगिरी करायची त्यांना परवानगीच नव्हती. अँडरसनला नऊ मुलं. त्यांनी पाळत ठेवणाऱ्यांचेच फोटो काढले! पण सगळं इतकं गमतीचं नव्हतं. चिलीची बातमी आली त्याच महिन्यात निक्सन यांच्या गोटातल्या लिडी आणि हंट या दोघांनी अँडरसनला ठार कसं करता येईल याची चर्चा केली होती. विष, अपघात, सगळा विचार झाला. बेत बारगळला. पण लिडीने पुढे १९८० मध्ये आत्मचरित्रात हे स्वतःच लिहिलं. हेच दोघे नंतर वॉटरगेट प्रकरणात तुरुंगात गेले.

एवढं वाचून मी त्याला देव्हाऱ्यात बसवणार होतो, तेवढ्यात पुढची हकिगत सापडली. पुलित्झर मिळाल्यावर दोन-तीन महिन्यांतच, जुलै १९७२ मध्ये, त्याने रेडिओवर सांगून टाकलं की उपराष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार ईगलटन यांना दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल अटक झाली होती. पुरावा त्याने डोळ्यांनी पाहिलाच नव्हता. तो निघाला नाहीच. शेवटी अँडरसनला जाहीर माफी मागावी लागली. ज्याने आयुष्यभर कागद मागितला, त्याने एकदा कागदाशिवाय बोलून टाकलं. प्रॅक्टिकलला आपण काय वेगळं करतो? रिझल्ट सीनियरच्या जर्नलमधून आधीच माहीत, मग रीडिंग मागून बसवायची. मी स्वतः फर्स्ट इयरला हेच केलंय. रिझल्ट बरोबर आला, तरी प्रयोग झालेलाच नसतो.

आता कोणी म्हणेल, या बातमीने साधलं काय? ती निवडणुकीनंतर दीड वर्षाने आली. ११ सप्टेंबर १९७३ ला चिलीत लष्कराने बंड केलं, आयेंदे यांचा त्याच दिवशी मृत्यू झाला आणि देश १९९० पर्यंत हुकूमशाहीखाली राहिला. बातमीने ते थांबलं नाही, हे खरंच. पण ती आली नसती, तर चिलीतला परकीय हात आमच्या मेसमधल्या गप्पांसारखाच राहिला असता. म्हणणारे म्हणत राहिले असते, नाकारणारे नाकारत. बातमीमुळे शपथेवर प्रश्न विचारले गेले, आकडे नोंदले गेले, आणि आज कोणालाही ते नाकारता येत नाहीत.

१९८६ पासून अँडरसनला पार्किन्सनचा आजार होता. तरी २००४ पर्यंत स्तंभ चालू होता. १७ डिसेंबर २००५ ला, वयाच्या ८३ व्या वर्षी तो गेला. दुसऱ्याच वर्षी एफबीआयने त्याच्या कागदांची खोकी तपासायला मागितली. घरच्यांनी साफ नकार दिला.

तेव्हा मित्रांनो, पुढच्या वेळी मेसमध्ये परकीय हात निघाला तर वाद जरूर घाला. फक्त आधी रीडिंग दाखवा. मीही दाखवीन. नसेल, तर आमटी पुढे सरकवीन!