खडक पाण्यात टिकतो का? विल्यम मुलहॉलंड यांच्या धरणाचा धडा

शेततळे किंवा पाझर तलाव घ्यायचे ठरले की आपण आधी विचारतो, इथे पाणी थांबेल का? प्रश्न बरोबर आहे, पण अपुरा आहे. त्याची किंमत किती मोठी असू शकते, हे अमेरिकेतील एका नामवंत अभियंत्याच्या आयुष्यातून समजून घ्या.

विल्यम मुलहॉलंड यांचा जन्म 1855 मध्ये आयर्लंडमधील बेलफास्ट येथे झाला. 1877 मध्ये ते लॉस एंजेलिसला आले आणि पाणीपुरवठा कंपनीत पाटाची साफसफाई व राखण करू लागले. अभियांत्रिकीची पदवी नव्हती. दिवसा काम आणि रात्री पुस्तके, असे ते शिकले. 1886 मध्ये ते कंपनीचे अधीक्षक झाले. पुढे त्यांनी ओवेन्स खोऱ्यातून सुमारे 375 किलोमीटर लांबीचा कालवा आणला. 1913 मध्ये पाणी पंपाशिवाय, केवळ उताराने शहरात पोहोचले. शहर वाढले, मात्र ओवेन्स खोऱ्यातील शेतकऱ्यांचे पाणी गेले आणि त्यांनी संतापून कालवा सुरुंगाने फोडलाही.

शहराजवळ पाण्याचा साठा हवा म्हणून 1924 ते 1926 या काळात त्यांनी सेंट फ्रान्सिस हे काँक्रीटचे धरण बांधले. उंची सुमारे 60 मीटर. काम सुरू असताना उंची दोनदा मिळून 6 मीटरने वाढवली, पण पाया रुंद केला नाही.

खरी अडचण जमिनीत होती. पश्चिमेकडे मातीने सांधलेल्या वाळू-गोट्यांचा तांबडा खडक होता. पाणी त्यातून झिरपते का, हे मुलहॉलंड यांनी तपासले होते. पण तो कोरडा असताना टणक आणि भिजल्यावर मऊ होणारा होता. पूर्वेकडे पापुद्र्यांसारखे थर असलेला शिस्ट खडक होता आणि त्यात जुनी घसरलेली दरड दडलेली होती.

12 मार्च 1928 रोजी सकाळी धरणाच्या राखणदाराला गढूळ पाण्याची नवी गळती दिसली. मुलहॉलंड स्वतः आले. गढूळपणा शेजारच्या रस्त्याच्या मातीमुळे आहे, असे समजून त्यांनी धरण सुरक्षित ठरवले. त्याच मध्यरात्रीच्या सुमारास धरण फुटले. सांता क्लारा नदीकाठची शेते, बागा आणि मजुरांच्या वस्त्या वाहून गेल्या. 400 हून अधिक माणसे दगावली.

चौकशीत तांबड्या खडकाचा तुकडा पाण्याच्या पेल्यात टाकला, तेव्हा त्याचा चिखल झाला. पुढील अभ्यासात पूर्वेकडील दरड आधी घसरली असावी, असे दिसले. मुलहॉलंड यांनी दोष कोणावर ढकलला नाही. जबाबदारी स्वतःवर घेतली. त्यांच्यावर गुन्हा ठरला नाही, पण इतके मोठे काम एकाच माणसाच्या निर्णयावर सोडू नये, असे चौकशी मंडळाने बजावले. त्याच वर्षी ते पदावरून निवृत्त झाले आणि 1935 मध्ये वारले.

आपले तळे लहान असले तरी खाली कोणाचे तरी शेत, गोठा किंवा घर असते. म्हणून जागा पाहताना एवढे नक्की करा:

• बांधाच्या दोन्ही टोकांना आणि मध्यभागी चाचणी खड्डे घ्या. एका खड्ड्यावरून संपूर्ण जागा ठरवू नका.
• बांध ज्या थरावर बसणार, त्या मुरमाचे किंवा मऊ खडकाचे वाळलेले ढेकूळ पाण्याच्या पेल्यात रात्रभर ठेवा. ते विरघळले किंवा पाणी गढूळ झाले, तर जागा बादच असे नाही. पण तज्ज्ञांना दाखवल्याशिवाय पुढे जाऊ नका.
• काळ्या पाषाणाच्या दोन थरांमध्ये तांबडा गेरूचा पट्टा दिसला, तर तो आवर्जून दाखवा. तो भिजल्यावर मऊ पडतो.
• ठरलेली उंची नंतर परस्पर वाढवू नका.
• बांधातून गढूळ पाणी येऊ लागले, तर आतली माती वाहून जात आहे असे समजा. पातळी लगेच उतरवा, खालच्या लोकांना सावध करा आणि जलसंधारण विभागाच्या अभियंत्यांना कळवा.

कृषी सहायकांनी जागेची पाहणी करताना दुसऱ्या जाणकाराचे मतही जरूर घ्यावे. मुलहॉलंड यांच्याकडे अनुभव कमी नव्हता. त्यांचा निर्णय पुन्हा तपासणारे कोणी नव्हते.