आल्फ्रेड बर्ड : बिनअंड्याच्या कस्टर्डचा जनक

घरी कस्टर्डचा पाय करायचा म्हटले की आपल्याकडील अनेक स्वयंपाकघरांत पहिली अडचण येते ती अंड्यांची. मैदा-लोण्याची पारी भाजता येते, वर मांडायला महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेऱ्या मिळतात. पण मधला दाट पिवळा थर मुळात दूध आणि अंड्यांचा. १९ व्या शतकात हीच अडचण बर्मिंगहॅममधील एका औषधविक्रेत्याच्या घरात होती. तेथे मात्र प्रश्न आचाराचा नव्हता, प्रकृतीचा होता.

आल्फ्रेड बर्ड यांचा जन्म १८११ साली इंग्लंडमधील ग्लॉस्टरशर परगण्यात झाला. १८३७ साली त्यांनी बर्मिंगहॅमच्या बेल स्ट्रीटवर औषधांचे दुकान थाटले. पत्नी एलिझाबेथ यांना अंडी सोसत नसत. यीस्टही सोसत नसे. ज्या देशात पाव रोजचा आणि कस्टर्ड आवडीचे, तेथे असे पथ्य म्हणजे भरल्या ताटावरून उठणेच. बर्ड यांनी अंड्यांच्या जागी मक्याचे पिष्ट योजले. अंड्यातील प्रथिने उष्णतेने गोठतात म्हणून कस्टर्ड दाटते, पण आच थोडी वाढली की ते फाटते. पिष्टाचे कण गरम दुधात फुगतात आणि उकळीही सोसतात.

आजही डब्यातली कस्टर्ड पावडर म्हणजे मुख्यतः हेच पिष्ट, रंग आणि स्वाद. पायसाठी अर्धा लिटर दुधाला ४ मोठे चमचे पावडर पुरे. ती आधी थोड्या गार दुधात कालवावी. थेट गरम दुधात टाकली की गुठळ्या ठरलेल्याच. शिजलेले कस्टर्ड भाजून गार केलेल्या पारीत ओतावे आणि पूर्ण गार झाल्यावरच फळे मांडावीत, एरवी त्यांचा रस सुटतो. भट्टीचे काम पारीपुरतेच.

पत्नीसाठी केलेले हे कस्टर्ड पाहुण्यांनाही रुचले आणि त्याचा व्यवसाय झाला. १८४३ साली बर्ड यांनी यीस्टवाचून पाव फुगवणारी बेकिंग पावडर तयार केली. क्रिमियाच्या युद्धात ती ब्रिटिश सैनिकांच्या पावासाठी वापरली गेली. माणूस मोठा हौशी असावा. १८५१ मध्ये त्यांनी ५ सप्तकांत वाजणारे काचेचे वाडगे जुळवून दाखवले, तर १८५९ मध्ये हवामान सांगण्यासाठी पाण्याचा वायुभारमापक उभारला.

१८७८ च्या डिसेंबरात ते निवर्तले. ते केमिकल सोसायटीचे सदस्य होते. सोसायटीच्या नियतकालिकातील मृत्युलेखात त्यांच्या संशोधनाची सविस्तर दखल होती, मात्र कस्टर्डचा उल्लेखही नव्हता. विद्वानांना स्वयंपाकघराचे वावडे असते, ते असे.

धंदा पुढे मुलगा आल्फ्रेड फ्रेडरिक यांनी वाढवला. बर्मिंगहॅमच्या डिग्बेथ भागातील जुन्या कारखान्यात आज कलावंत आणि छोटे व्यावसायिक काम करतात. त्या जागेचे नाव मात्र कस्टर्ड फॅक्टरी असेच आहे.