लक्ष्मणरावांची सायकल

लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचे नाव घेतले की लोखंडी नांगर डोळ्यांपुढे उभा राहतो. परंतु नांगराच्या पुष्कळ आधी किर्लोस्कर हे नाव बेळगावकरांच्या तोंडी झाले, ते सायकलीमुळे.

लक्ष्मणरावांचा जन्म 20 जून 1869 रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी झाला. वडील काशिनाथपंत वेदान्ताचे अभ्यासक होते. लक्ष्मणरावांचे मन मात्र पुस्तकांत रमेना. त्यांना ओढ होती चित्रांची आणि यंत्रांची. मुलाने चित्रकला शिकण्यासाठी मुंबईस जावे हे वडिलांना रुचले नाही. पण थोरले बंधू रामूअण्णा पाठीशी उभे राहिले आणि 1885 साली लक्ष्मणराव मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. दोन वर्षे झाली आणि एक गोष्ट उघड झाली. रंगांतील काही भेद त्यांच्या डोळ्यांना कळतच नव्हते. होतकरू चित्रकारावर याहून मोठा आघात तो कोणता? त्यांनी रंग बाजूस ठेवले व रेषा हाती धरली. यंत्रांची रेखाटने करण्यात ते तरबेज झाले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट या संस्थेत शिक्षक म्हणून काम करू लागले.

1888 साली सायकल या नवलाईच्या वाहनाने त्यांचे लक्ष वेधून घेतले. मुंबईत सायकली विकत घ्यायच्या व बेळगावी रामूअण्णांकडे पाठवायच्या, असा व्यापार दोघा भावांनी सुरू केला. तेव्हा एका सायकलीस 700 ते 1000 रुपये पडत. बेळगावात सायकल विकणे म्हणजे प्रथम ती चालवायला शिकवणे होते. हे काम रामूअण्णा करीत, आणि त्या शिकवणीची फी 15 रुपये असे.

तो काळ सायकलीच्या रूपांतराचा होता. आधीच्या सायकलीचे पुढचे चाक माणसाच्या छातीइतके उंच असे आणि पेडल थेट त्या चाकालाच जोडलेले असे. पेडलचा एक फेरा म्हणजे चाकाचा एक फेरा. वेग हवा तर चाक मोठे हवे. पण चाक वाढवावे किती? स्वाराच्या पायांच्या लांबीला मर्यादा होती, आणि इतक्या उंचावरून तोंडघशी पडणाऱ्यांची संख्याही थोडी नव्हती. 1885 साली इंग्लंडातील कॉव्हेंट्री येथील जॉन केंप स्टार्ली याने रोव्हर नावाची सायकल तयार केली. तिची दोन्ही चाके जवळजवळ सारखी होती. पेडलजवळ एक दातेरी चाक, मागील चाकाच्या आसाशी दुसरे लहान दातेरी चाक, आणि दोहोंना जोडणारी साखळी. पुढे 48 दाते व मागे 24 असले, तर पेडलच्या एका फेऱ्यात मागचे चाक दोन फेरे घेते. मोठ्या चाकाचे काम आता दात्यांच्या गणिताने होऊ लागले.

येथूनच शब्दांचा घोटाळा सुरू झाला. स्वारांना उंच चाकाची सवय होती. म्हणून नव्या सायकलीचा गियरही जुन्या चाकाच्या इंचांत सांगण्याचा प्रघात पडला. मागचे चाक 28 इंचांचे आणि फेरे दोन, म्हणून हा गियर 56 इंची! वस्तुतः त्या सायकलीवर 56 इंचांची कोणतीही वस्तू नसते. पेडलच्या एका फेऱ्यात ती जाते तेही 56 इंच नव्हे, तर त्याच्या 22/7 पट, म्हणजे 176 इंच. फ्रेंच लोक हे अंतरच मोजतात व ते मीटरमध्ये सांगतात. त्यांची रीत अधिक सरळ म्हटली पाहिजे. मागे 24 ऐवजी 16 दात्यांचे चाक बसवले की फेरे तीन होतात आणि गियर 84 इंची होतो. म्हणजे मागचे दातेरी चाक लहान केले की गियर मोठा होतो, आणि पुढचे लहान केले की गियर लहान होतो. नवशिक्या माणूस गोंधळला तर त्यात नवल नाही. आपल्याकडील स्वार नुसते हलका गियर व जड गियर असे म्हणतात. पायाला जे जाणवते तेच नाव, आणि तेच सर्वांत चांगले.

लक्ष्मणरावांच्या व्यापाराच्या आरंभकाळी सायकलीस एकच गियर असे. शिवाय चाक फिरत असेपर्यंत पेडलही फिरत राही. उतारावर पाय स्वस्थ ठेवण्याची सोय नव्हती. एका सायकलीवर अनेक गियर ही सोय विसाव्या शतकात रूढ झाली. सोलापूरहून तुळजापूरला सायकलीने जाणारा तरुण आज सपाट रस्त्यावर जड गियर ठेवतो आणि घाट लागला की हलका घेतो. जाणता स्वार चढावर दमछाक होईपर्यंत थांबत नाही. गती आहे तोवरच गियर बदलतो. पायांचे फेरे जवळपास तितकेच राहतात, वेग तेवढा कमी होतो. हलका गियर श्रमाची सूट देत नाही, ते थोडे थोडे करून अधिक फेऱ्यांत वाटून देतो.

मुंबईच्या संस्थेत बढतीची वेळ आली, तेव्हा लक्ष्मणरावांना डावलून दुसऱ्याची नेमणूक झाली. त्यांनी नोकरी सोडली. घरात संसार होता आणि हाताशी होते ते बेळगावचे लहानसे दुकान. सायकली विकता विकता त्यांना स्वतः यंत्र घडवावेसे वाटू लागले. त्यांनी प्रथम हाती घेतले ते कडबा कापण्याचे यंत्र. सोलापूरसारख्या ज्वारीच्या मुलखात कडब्याचे मोल निराळे सांगावयास नको. आख्खा कडबा जनावरापुढे टाकला की ते पाने खाते व धांडे तुडवते. त्याची कुट्टी केली की सारा पोटात जातो. अशा यंत्रात पाती असलेले मोठे चाक फिरते आणि दातेरी रूळ कडबा आत ढकलतात. रूळ सावकाश फिरले तर कुट्टी बारीक पडते, भरभर फिरले तर भरड. आणि हा वेग ठरतो दातेरी चाकांच्या दात्यांवरून. सायकलीवर पायाला कळणारे गणित येथे हाताला कळते.

नंतर लोखंडी नांगर आला. लोखंडाने जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. तयार नांगर कारखान्यात पडून राहिले, आणि ते खपण्यास दोन वर्षे लागली. पुढे बेळगावची जागाही नगरपालिकेच्या हुकमामुळे सोडावी लागली. तेव्हा औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्थानकाजवळ 32 एकर माळरान दिले. तेथे निवडुंग आणि सर्प यांचेच राज्य होते. 1910 साली सुमारे 25 कामगार व त्यांचे कुटुंबीय यांच्यासह लक्ष्मणराव तेथे राहावयास आले. तीच आजची सांगली जिल्ह्यातील किर्लोस्करवाडी होय. याच उद्योगसमूहाचा ओतकामाचा एक कारखाना पुढे सोलापूरलाही झाला.

लक्ष्मणरावांचे निधन 26 सप्टेंबर 1956 रोजी झाले. त्यांनी प्रथम हाताळली तेव्हा हजार रुपयांपर्यंत किंमत असलेली सायकल त्यांच्या हयातीतच गिरणी कामगाराच्या दारी येऊन उभी राहिली होती.