शहाजीराजे भोसले : बंदिवास आणि मुक्तता

श्रीशिवछत्रपतींचे चरित्र ठाऊक नाही असे घर आपल्याकडे विरळा. परंतु त्यांचे पिते शहाजीराजे यांचे चरित्र मात्र फारसे कोणी सांगत नाही. राजांच्या आयुष्याचा उत्तरार्ध कर्नाटकात गेला आणि त्यांचा देहही तेथील भूमीतच विसावला. मराठी व कानडी या दोन्ही भाषा ज्यांच्या कानांवर नित्य पडतात अशा खजुरी-आळंद भागातील आम्हां सर्वांस त्यांचे स्मरण विशेष अगत्याचे वाटावे, म्हणून त्यांच्या चरित्रातील एक कठीण प्रसंग वाचकांपुढे ठेवीत आहोत.

शहाजीराजे हे वेरूळकर मालोजीराजे भोसले यांचे ज्येष्ठ पुत्र. मालोजीराजांनी वेरूळच्या श्रीघृष्णेश्वराच्या मंदिराचा जीर्णोद्धार केला आणि शिखर शिंगणापूर येथे यात्रेकरूंची पाण्याची अडचण जाणून तलाव बांधविला. सिंदखेडच्या लखुजी जाधवरावांची कन्या जिजाबाई या राजांच्या धर्मपत्नी होत. १६२४ मध्ये भातवडीच्या लढाईत राजांनी निजामशाहीच्या बाजूने पराक्रम केला. त्याच रणात त्यांचे बंधू शरीफजी पडले. पुढे दौलताबाद पडल्यावर राजांनी निजामशाही घराण्यातील एका बालकास गादीवर बसविले आणि १६३६ मध्ये माहुली गडावर शरण जाणे भाग पडेपर्यंत ते राज्य झुंजत ठेवले.

त्यानंतर राजे विजापूरच्या आदिलशाहीचे सरदार झाले. गुलबर्गा व बीदर हा आपला मुलूखही तेव्हा त्याच सत्तेखाली होता. राजांची नेमणूक दूर कर्नाटकात झाली आणि बंगळूर हे त्यांचे ठाणे बनले. जिजाबाई व बाल शिवाजी मात्र पुण्याच्या जहागिरीत राहिले.

१६४८ मध्ये आदिलशाही सेनापती मुस्तफाखान जिंजीच्या किल्ल्याला वेढा देऊन बसला होता. राजेही आपल्या फौजेसह तेथेच होते. परंतु खानाचे व त्यांचे बिनसले. राजे दक्षिणेतील नायकांशी आतून संधान बांधतात असा दरबारास संशय होता. त्यातच इकडे मावळात त्यांचा पुत्र एकेक किल्ला हाताखाली घालीत होता. २५ जुलै १६४८ रोजी पहाटे राजे बेसावध असता त्यांच्या छावणीवर छापा पडला आणि मुधोळच्या बाजी घोरपड्यांनी त्यांस कैद केले. घोरपडे हे भोसल्यांचे भाऊबंदच. आपल्याच माणसाच्या हातून पायांत बेडी पडावी, याहून दुःखद ते काय!

राजांस पुढे विजापुरास नेण्यात आले. तेथे त्यांस भिंतीत चिणण्याची धमकी दिली गेली अशी कथा बखरींतून आढळते. इतिहास-संशोधक ती विश्वसनीय मानीत नाहीत. परंतु त्यांच्या जिवास धोका होता, यात शंका नाही. पित्यास धरल्यावर दरबाराने दोन्ही पुत्रांवरही फौजा धाडल्या. बंगळुरास थोरले संभाजीराजे होते. त्यांनी तो हल्ला परतविला. पुण्याच्या बाजूस फत्तेखान चालून आला. शिवाजीराजांचे वय तेव्हा अवघे अठरा वर्षांचे. त्यांनी पुरंदराचा आश्रय घेतला, शत्रूच्या हाती गेलेले शिरवळचे ठाणे कावजी मल्हारांनी परत जिंकले आणि गडाच्या चढणीवर फत्तेखानाच्या सैन्याचा पुरता मोड झाला. या मोहिमेत वृद्ध बाजी पासलकर कामी आले.

लढाई जिंकली, परंतु पिता अद्याप शत्रूच्या कैदेतच होता. येथेच खरी परीक्षा होती. विजयाच्या भरात विजापूरवर चाल करावी, तर राजांचे प्राण जाणार. हात जोडून स्वस्थ बसावे, तर स्वराज्य जाणार. शिवाजीराजांनी तिसरा मार्ग धरला. दख्खनचा मोगल सुभेदार शाहजादा मुरादबक्ष याच्याशी त्यांनी पत्रव्यवहार आरंभिला आणि १६४९ मध्ये त्याची अनुकूल उत्तरेही आली. मोगलांची फौज काही मदतीस धावली नाही. पण भोसले मोगलांस मिळतील हे भय विजापूरच्या मनात उभे राहिले असावे, असे मानण्यास जागा आहे.

अखेर आदिलशहाने अट घातली. शिवाजीराजांनी कोंढाणा द्यावा, संभाजीराजांनी बंगळूर द्यावे, म्हणजे राजांची सुटका होईल. कोंढाणा म्हणजे पुण्याच्या माथ्यावरील बळकट गड. तो सोडताना शिवाजीराजांचे मन किती कष्टी झाले असेल! परंतु गड पुन्हा मिळविता येतो, पिता पुन्हा मिळत नाही. सोनोपंत डबीरांसारख्या वडीलधाऱ्यांचा सल्ला त्यांनी मानला आणि गड दिला. १६ मे १६४९ रोजी, सुमारे दहा महिन्यांच्या बंदिवासानंतर, शहाजीराजे मुक्त झाले. कोंढाणाही पुढे स्वराज्यात आला, पुन्हा गेला आणि १६७० मध्ये तानाजी मालुसऱ्यांनी प्राण वेचून तो कायमचा कीर्तिमंत केला.

सुटकेनंतर राजे पुन्हा कर्नाटकात गेले. कनकगिरीच्या लढाईत थोरले संभाजीराजे पडले, ते पुत्रशोकाचे दुःख त्यांस सोसावे लागले. २३ जानेवारी १६६४ रोजी होदिगेरे येथे शिकारीच्या वेळी घोड्यावरून पडून त्यांचे देहावसान झाले. दावणगेरे जिल्ह्यातील चन्नगिरी तालुक्यात त्यांची समाधी आहे.

श्रीरामांनी पित्याच्या वचनासाठी राज्य सोडले, हे आपण नित्य ऐकतो. शिवाजीराजांनी पित्याच्या प्राणांसाठी गड सोडला. तलवार केव्हा उपसावी हे अनेकांस कळते. मुठीतले केव्हा सोडावे हे थोड्यांस कळते. त्या बाजूस प्रवासाचा योग आल्यास वाचकांनी होदिगेरे येथील समाधीपुढे क्षणभर हात जोडावे, एवढीच आमची विनंती आहे.